दोन्ही कान दिसतील असा फोटो

परदेशी गेलेल्या माणसाला कुत्रंही विचारत नाही. गल्ली आठवडाभर त्याचं नाव काढते, मग त्याच्या स्कूटरच्या जागी दुसऱ्याची स्कूटर उभी राहते आणि विषय संपतो. पण परदेशी जाणार असलेला माणूस? त्याच्यासारखा थाट नवरदेवाचाही नसतो. रांगेत त्याला पुढे घेतात. वर्गणी मागायला आलेले लोक त्याचं दार सोडून पुढच्या दारावर जातात. त्याच्याशी कोणी भांडत नाही, कारण जाणाऱ्या माणसाशी भांडून मिळवायचं काय?

पाणीपुरवठा कार्यालयातल्या एका हेडक्लार्कला हे गुपित उमगलं होतं. त्याची बायको नर्स. ती आधीच तिकडच्या एका इस्पितळात रुजू झाली होती आणि तिच्या नोकरीवर नवऱ्याला बोलावून घेण्याचं व्हिसाचं प्रकरण सुरू झालं होतं. कागद नवऱ्याने पाठवायचे, अधिकाऱ्यांनी तपासायचे आणि सरतेशेवटी बायकोने हमीची सही करायची, की हे निघाले. तेव्हापासून कार्यालयात, गल्लीत, सलूनमध्ये सगळे त्यांना 'जाणारे' म्हणू लागले. पुढे पुढे खरं आडनाव लोक विसरूनच गेले. आपणही जाणारेच म्हणू.

तर जाणाऱ्यांना जायचं नव्हतं.

का नव्हतं, हे त्यांना विचाराल तर म्हणतील, "आई एकटी पडेल." आईला विचाराल तर ती म्हणेल, "पडू दे की एकदाची!" खरं कारण वेगळं होतं. बायकोने एकदा फोनवर सहज सांगितलं होतं, "अहो, इथे आल्यावर सुरुवातीला गोदामात काम मिळेल. सगळेच करतात. आणि घरात भांडी आळीपाळीने."

गोदाम जाणाऱ्यांनी गिळलं असतं. पण आळीपाळीने? ज्याच्या टेबलावर सहा रबरी शिक्के आहेत, ज्याने घंटी दाबली की शिपाई पाणी आणतो, त्याने आळीपाळीने? त्यात अर्जावर त्यांच्या नावापुढे छापलं होतं: 'अवलंबित व्यक्ती'. हा शब्द त्यांनी आजवर लहान मुलं आणि म्हाताऱ्यांसाठी वापरला होता.

नाही म्हणायची मात्र छाती नव्हती. नाही म्हटलं असतं तर बायको दुखावली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे 'जाणारे' ही पदवी गेली असती. म्हणून त्यांनी मध्यमवर्गाचा सनातन मार्ग धरला. हो म्हणायचं आणि करायचं नाही.

करायचं नाही, याची त्यांच्याकडे एक पद्धत होती आणि कार्यालयात तिचा दबदबा होता. नळजोडणीच्या अर्जात पाच चुका असल्या तर नवशिका कारकून पाचही एकदम सांगतो. माणूस त्या दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी दारात हजर. जाणारे एका वेळी एकच त्रुटी काढत. ती दुरुस्त करून आणली की दुसरी. एक निवृत्त शाळामास्तर एका नळासाठी इतक्या वेळा आले की म्हातारपणाने त्यांचा हात थरथरू लागला. तेव्हा 'सही जुळत नाही' ही नवी त्रुटी निघाली.

आणि जाणारे लाच घेत नसत, बरं का. लाचखाऊ निदान पैसे मिळाल्यावर काम तरी करतो. हा प्रामाणिक माणूस लोकांना फुकट छळत असे आणि घरी येऊन शांत झोपत असे.

हीच विद्या त्यांनी स्वतःच्या प्रकरणावर चालवली. फरक एवढाच की इथे त्रुटी काढायची नव्हती, पेरायची होती. एका वेळी एक.

पहिली पेरली फोटोत. नियम होता, दोन्ही कान दिसले पाहिजेत. जाणाऱ्यांनी केस कापणं बंद केलं. केस कानांवर उतरले, मग कानांखाली गेले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "काय हो, नाटकात काम धरलंय का?"

"तिकडे थंडी असते ना साहेब. आत्तापासून सवय."

साहेबांनी आदराने मान हलवली. जाणारा माणूस काय, काहीही बोलू शकतो.

फोटो परत आला. बायकोचा फोन आला. "अहो, कान दिसत नाहीत म्हणतायत."

"कान नाहीत असं थोडंच आहे? तिकडचीच कार्यालयं ढिली. काय सांगू तुला, सरकारी काम मी ओळखून आहे."

"बरं, परत काढा हं. मी थांबते," ती म्हणाली. आवाज दमलेला होता. रात्रपाळी करून आलेली असावी किंवा रात्रपाळीला निघालेली. जाणाऱ्यांना या दोन्हींतला फरक कधी कळला नव्हता.

इथपर्यंत सगळं नामी चाललं होतं. पण माणसाचा सत्यानाश करायला शत्रू लागत नाहीत, शेजारी पुरतात. खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांची पाकिटं पोचवण्यात गेलं होतं आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. फोटो परत आल्याचं कळताच ते वर आले.

"जाणारे, तुमचा फोटो मी पाठवतो."

"अहो काका, कशाला तसदी? केस कापायला वेळ नाही मला."

"कापायचे कशाला?" म्हणत पोस्टमास्तरांनी खिशातून आपल्या बायकोच्या दोन क्लिपा काढल्या, केस मागे ओढून खोचल्या आणि भिंतीशी उभं करून मोबाइलवर फोटो काढला. कान असे बाहेर आले की जणू शिक्षा झालेल्या पोराचे. फोटो लागलीच मंजूर झाला. क्लिपा मात्र जाणाऱ्यांच्या डोक्यात तशाच राहिल्या आणि ते त्याच अवस्थेत भाजी आणायला गेले. भाजीवाली हसली नाही. तिला वाटलं, तिकडची फॅशन असेल.

दुसरी त्रुटी पेरायची होती वैद्यकीय तपासणीत. जाणारे डॉक्टरांपुढे बसून असे खोकले की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून गेले. 'प्रवासास अयोग्य' एवढे दोन शब्द त्यांना हवे होते. डॉक्टर कर्तव्यदक्ष निघाले. त्यांनी खोकल्यापासून सुरुवात करून माणूस पायाच्या अंगठ्यापर्यंत तपासला. खोकला सापडला नाही, साखर सापडली. आईने त्या दिवशीपासून चहातली साखर, बिस्किटं आणि मुलाचं ऐकणं, तिन्ही बंद केलं. दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलं: 'प्रवासास योग्य. थंड हवा आणि अंगमेहनत हितकारक.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जाणाऱ्यांनी हात, पाय, जीभ, सगळंच दाखवलं होतं.

तिसरा घाव घरच्यांनीच, म्हणजे कार्यालयाने घातला. सततच्या 'आज जातो, उद्या जातो'ला कंटाळून सगळ्यांनी एका संध्याकाळी निरोप समारंभ उरकून टाकला. साहेब भाषणात म्हणाले, "त्यांची जागा कोणीही भरून काढू शकणार नाही." टाळ्या वाजत असतानाच ज्युनियर बाई त्यांच्या खुर्चीवर उशी ठेवून बसून पाहत होत्या. भेट म्हणून मिळाली एक सूटकेस. एवढी मोठी, की तिच्यात जाणारे स्वतः मावले असते. बहुधा तोच विचार असावा.

दुसऱ्या दिवशी जाणारे नेहमीच्या वेळेला कामावर हजर.

निरोप समारंभानंतर कामावर येणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात? स्मशानातून चालत घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसे. शिपायाने चहा आणला, तो त्यांना ओलांडून पुढे गेला. ज्युनियर बाई उठल्या नाहीत. "बसा ना," म्हणून त्यांनी पाण्याच्या पिंपाजवळचं स्टूल दाखवलं. दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या जुन्या अर्जांच्या सगळ्या त्रुटी एकदम कळवून टाकल्या आणि मास्तरांचा नळ मंजूर केला. जाणाऱ्यांना वाटलं, आपल्या डोळ्यांदेखत आपली इस्टेट लुटली जातेय.

संध्याकाळी साहेबांनी मायेने सांगितलं, "तुम्ही बिनपगारी रजा टाका. तयारीला वेळ नको का?"

आता शहाणा माणूस निघून गेला असता. पण जाणारे जिद्दीला पेटले. इतक्या अपमानानंतर जायचं म्हणजे लोकांनी ढकलून दिल्यासारखं दिसणार! शेवटचा हुकमी एक्का अजून हातात होता. मुलाखत. लग्न खरं आहे की व्हिसासाठी रचलेलं, हे पारखायला अधिकारी नवऱ्याला बायकोविषयी प्रश्न विचारणार होता. उत्तरं चुकली की प्रकरण पुन्हा चौकशीला. म्हणजे चांगली वर्षभराची निश्चिंती.

मुलाखतीच्या सकाळी व्हिसाचा एजंट त्यांना घेऊन गेला. हा एजंट सुपारी कातरल्यासारखं बोलायचा, तुकड्या-तुकड्याने आणि अखंड. लिफ्टमध्येही तो चालूच होता. "साहेब, घाबरायचं नाही, समोर पडदा असतो, अधिकारी तिकडून बोलतो, आपली भाषा शिकलाय, आणि वहिनीपण—"

जाणारे लिफ्टच्या आरशात केस कानांवर ओढत होते. बाकी त्यांच्या कानात शिरलंच नाही. तसंही दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकायची त्यांना नोकरीत कधी गरज पडली नव्हती.

पडद्यावर एक तांबूस चेहऱ्याचा अधिकारी उगवला. भाषा त्याने पुस्तकातून शिकली असावी.

"महोदय, आपणांस नमस्कार. आपली पत्नी निद्रेतून उठल्यावर प्रथम काय प्राशन करते?"

जाणाऱ्यांनी चुकीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एक अडचण उभी राहिली होती जिचा त्यांनी विचारच केला नव्हता. मुद्दाम चूक उत्तर द्यायचं तर बरोबर उत्तर माहीत असावं लागतं.

"चहा," ते म्हणाले. चहा सगळेच पितात.

"ती कोणत्या हाताने लिहिते?"

"उजव्या. म्हणजे... घरात ती लिहिते कुठे?"

"तिच्यावर कधी शस्त्रक्रिया झाली आहे काय?"

"छे! ठणठणीत आहे." मग काहीतरी आठवलं. "एकदा पोटाचं काहीतरी होतं. इस्पितळात आई गेली होती. माझं ऑडिट होतं."

"ती सांप्रत राहते तेथून इस्पितळ किती दूर?"

"जवळच. लांबही असेल."

"तिला कशाचे भय वाटते?"

जाणाऱ्यांनी खरोखर विचार केला. ज्या बाईबरोबर संसार केला तिला कशाची भीती वाटते? पालीची? अंधाराची? ती कधी घाबरलीच नव्हती, की घाबरली तेव्हा हे पेपर वाचत होते? "भीती म्हणजे... माझी थोडी असेल," ते म्हणाले.

पडद्यामागे कुठेतरी कोणीतरी खोकल्यासारखं झालं.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "महोदय, मी नित्य खोटी जोडपी पाहतो. ती सर्व पाठ करून येतात. पत्नीच्या चपलेचे माप, मावशीचे नाव, सारे काही. आपणांस काहीच ठाऊक नाही. इतके अज्ञान केवळ अस्सल पतीलाच साधते. त्याकरिता प्रदीर्घ सहवास लागतो. हा विवाह निःसंशय खरा आहे. मंजूर!"

जाणाऱ्यांच्या बुडाखालची स्टुलं, कार्यालयातलं ते आणि इथलं हे, दोन्ही एकदम सरकली.

"आणि आपली पत्नी," अधिकारी पुढे म्हणाला, "माझ्या शेजारीच आसनस्थ आहे. तिने आपल्याविषयीची सर्व उत्तरे आधीच दिली आहेत. निजताना आपला डावा पाय पांघरुणाबाहेर असतो. भांडण निघाले की आपण झोपेचे सोंग घेता. खोटे बोलताना 'काय सांगू तुला' असे म्हणता. ताई, केवळ आपली सही शेष आहे. आपणांस काही सांगायचे आहे?"

पडदा थोडा वळला. ती बसली होती. इस्पितळाचाच गणवेश अंगावर, केस घट्ट बांधलेले. लेखणी हातात होती. डाव्या.

"मंजूर झालं ना साहेब? आभारी आहे," ती म्हणाली. आवाज शांत होता. शांत होता म्हणूनच तो जास्त लागला. "सही करते मी. पण आधी कागद जरा बघून घेते." आणि मग पडद्यातून सरळ नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "अहो, प्रकरणात त्रुटी आहे."

लेखणीचं टोपण लावून ती उठली.

मग जे सुरू झालं ते जाणाऱ्यांना तोंडपाठ होतं. फक्त आजवर त्यांनी ते टेबलाच्या पलीकडच्या, खुर्चीच्या बाजूने पाहिलं होतं.

तिचा पहिला निरोप आला: पत्नी उठल्यावर काय घेते, याचा खुलासा करावा. जाणारे आईकडे गेले. आई म्हणाली, "मला काय विचारतोस? बायको तुझी. मी तिच्या हातचा चहा प्यायले, तिला कधी पिताना बघितलं नाही." एवढं बोलून आई आत निघून गेली. पोस्टमास्तरांनी सल्ला दिला, "कॉफी लिहून टाका. नाकारलं तर दूध लिहू." समोरच्या वहिनींनी दारातूनच हाणलं, "भाऊजी, अहो, शेजारीण मी, मला माहीत आहे! पण सांगणार नाही." शेवटी जाणारे बस बदलून मेहुणीकडे गेले. मेहुणीने आधी पोट धरून हसून घेतलं, मग सांगितलं. "नुसतं गरम पाणी, भावोजी. चहाने तिचं पोट दुखतं. ऑपरेशन झाल्यापासून."

खुलासा पाठवला. आठवड्याने उत्तर: मान्य. आता शस्त्रक्रिया कशाची होती ते कळवावे.

तेही कळवलं. पुन्हा आठवडा. मान्य. आता त्या दिवशी रुग्णाला घरी कोणी आणले ते कळवावे.

जाणारे भडकले. फोन उचलून ओरडले, "अगं, हा काय छळ आहे? सगळ्या त्रुटी एकदम सांगता येत नाहीत?"

"तुम्ही कुणाला एकदम सांगितल्यात?"

जाणाऱ्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"ते मास्तर आपल्या घरी यायचे, आठवतं? तुम्ही आतून सांगायचात, नाही म्हणून सांग. मी सांगायची. त्यांना पाणी द्यायची मी. नळासाठी आलेला माणूस, आणि मी त्याला पेल्यातनं पाणी पाजत होते. लाज वाटायची." मग म्हणाली, "तो क्लिपा लावलेला फोटो पाठवला ना पोस्टमास्तरकाकांनी, त्याबरोबर लिहिलं होतं, 'सूनबाई, गडी केस कापायला तयार नाही, तुम्हीच समजा.' तेव्हाच समजले मी. तरी म्हटलं, बघू, मुलाखतीला तरी येतोय का माणूस."

"ऑपरेशननंतर रिक्षावाल्यानं आणलं तुला घरी," जाणारे हळूच म्हणाले. मेहुणीने तेवढं सांगितलं होतं. "एकटीच आलीस."

"मान्य," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवस जात होते. 'जाणारे' या शब्दाला आता वेगळाच वास येऊ लागला. सलूनवाला खुर्ची झटकत विचारायचा, "काय साहेब, कधी?" आणि बाकड्यावरची पोरं एकमेकांना कोपर मारायची. वर्गणीवाले परत दार वाजवू लागले. कार्यालयात पिंपाजवळचं स्टूलही एका नव्या मुलीला मिळालं. घरी सूटकेस दारात उभी असे. आईने तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली होती. न गेलेला आणि न उरलेला माणूस काय करतो? तो फोनची वाट बघतो. आयुष्यात पहिल्यांदा जाणारे रोज कुणाच्या तरी फोनची वाट बघत होते, आणि वाट बघताना त्यांना ते थरथरत्या सहीचे मास्तर आठवत.

एका रविवारी फोन वाजला. "लिहून घ्या," ती म्हणाली. "पुढची त्रुटी—"

"थांब," जाणारे म्हणाले. "आधी मी विचारू?"

"तुम्ही? विचारा."

"रात्रपाळी करून येतेस तेव्हा खातेस काय?"

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आदल्या दिवशीचं जे असेल ते," ती म्हणाली. "उभ्यानंच."

"उभ्यानं का?"

"बसले की झोप लागते. एकदा ताटावरच लागली. उठले तर केसांत भाजी." ती हसली. जाणारेही हसायला गेले आणि खोकले, आणि या खेपेला तो खोकला खरा होता.

"मी असलो तर ताट धरीन," ते म्हणाले. "म्हणजे तू बसून झोपलीस तरी... भाजी लागायची नाही."

"आणि ताट घासणार कोण?"

इथे त्यांच्यातला हेडक्लार्क शेवटचा एकदा उठून बसला. त्याने सहाही शिक्क्यांकडे बघितलं. मग तो आडवा झाला.

"आळीपाळीने," जाणारे म्हणाले. "पहिली पाळी माझी."

"हं. प्रकरण विचाराधीन आहे," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी आवाजातला थकवा जरा बाजूला सरकला होता. "आधीच्या फोटोची मुदत संपलीय. नवा काढून पाठवा. आणि दोन्ही कान दिसू देत."

जाणारे उठले, सूटकेसवरच्या कपड्यांची चळत ढकलून बाहेर पडले आणि सलूनच्या खुर्चीत जाऊन बसले. सलूनवाल्याने कापड झटकलं, मानेभोवती बांधलं आणि बाकड्यावरच्या पोरांकडे बघून डोळा मारला.

"काय साहेब, कधी जाणार?"

"ते तिच्या हातात आहे," जाणारे म्हणाले. "तू कान मोकळे कर."